मल्लूअण्णांचे चौतीस सेकंद

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले मल्लूअण्णा मोबाइलवर कुठलाही व्हिडिओ लावला की पहिलं काम करतात ते म्हणजे तो बंद करणं. लावायचा, चित्र जरा हललं की लगेच बोट ठेवून थांबवायचा, मोबाइल टीपॉयवर उताणा ठेवायचा आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकायचा. चहा उकळून, गाळून, बशीत ओतून, पिऊन झाला की चष्मा लावून मोबाइलवर वाकायचं. खालच्या रेघेवर लाल ठिपक्याच्या पुढं एक करडी पट्टी सरकलेली असते. ती मनासारखी लांब दिसली की मग, "हां, आता साठा झाला," असं म्हणून व्हिडिओ सुरू. व्हिडिओ असतो दोन मिनिटांचा. बहुतेक वेळा यंत्रानं म्हशीची धार कशी काढतात याचा.

यात मधेच कुणी घाई केली, बोट पुढं केलं, तर अण्णांचा हात वर जातो आणि तोंडातून एकच शब्द येतो, "तडी!"

तडी म्हणजे कानडीत थांब. अण्णा मूळचे अक्कलकोटकडचे, त्यामुळे घरात कानडी, दाराबाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही. जन्मभर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा माणूस. आता निवृत्त होऊन जुळे सोलापुरात आमच्या समोर राहतात. आणि मी एका शाळेच्या ऑफिसात कारकून, स्वभावानं अशी की कुकरची वाफ जायच्या आत झाकणाशी झटापट करणारी. देवाला गंमत करायची हुक्की आली असणार, म्हणून त्यानं आम्हाला समोरासमोर दारं दिली.

आमची खरी ओळख झाली ती माझ्या मालिकेपायी. एक दिवस संध्याकाळी मी टीव्हीवर मालिका बघत होते. सासूच्या हातात ते पत्र पडणार, ती ते उघडणार, इतक्यात चित्र अडकलं. सासू तोंड उघडं टाकून बसली आणि तिच्या नाकावर ते गोल चाक फिरायला लागलं. मी रिमोट टीव्हीकडे रोखून दातओठ खात सगळी बटणं दाबत होते. दार उघडंच होतं. अण्णा पायरीवर चप्पल काढून आत आले.

"वैनी, मारू नका त्येला. माल वाटेत हाय."

"कसला माल?"

"सासूबाईचा." मग ते खुर्ची ओढून बसले. "तुमाला काय वाटतंय, अक्खी मालिका एकदम येतीय? अक्खी चादर एकदम विणून हुती व्हय? तिकडं तिचे तुकडे करत्यात. चार-सहा सेकंदाचा एकेक तुकडा. एक तुकडा म्हंजे एक कांडी समजा."

मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात जी सुताची कांडी बसवतात, ती. सोलापुरात कांडी माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण. माझ्या आईनंही घरी बसून कांड्या भरल्या आहेत. त्यामुळे इच्छा नसताना मला कळायला लागलं.

"मागाजवळ एक पेटी असतीय," अण्णा सांगत होते. "कांडीवाली भरून भरून त्यात टाकती, माग एकेक खात जातोय. पेटीत कांड्या हायत तवर कांडीवाली चहाला गेली तरी माग थांबत न्हाय. पेटी रिकामी झाली की खटॅक, बंद. तुमच्या टीव्हीची पेटी रिकामी झालीया."

"मग भरायला सांगा की तिला!"

"भरायलीय की. तडी."

तेवढ्यात सासू हलली, पण सगळा चेहरा पुसट झाला होता. नाक कुठं संपतं आणि गाल कुठं सुरू होतो ते समजेना. मी म्हटलं, हे काय आता? अण्णा टीव्हीजवळ गेले, चष्मा वर करून दुकानात चादरीचा पोत बघावा तसं सासूकडं बघितलं आणि म्हणाले, "विरळ विणून पाठवायलेत. तुमच्या टीव्हीनंच सांगितलंय तसं. रस्ता अरुंद झालाय, हलका माल पाठवा म्हणून. बंद पडण्यापरीस विरळ बरं. रस्ता मोकळा झाला की परत घट्ट येतंय बगा." आणि खरंच, मिनिटाभरात सासूच्या नाकावरची नथ मोत्यासकट दिसायला लागली. पत्र मात्र तोवर तिनं वाचून टाकलं होतं.

त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी "नेट स्लो आहे" म्हणत नाही. विरळ आलंय, पेटी रिकामी आहे, माल वाटेत आहे, असं म्हणतात. आमचे हे, म्हणजे प्रकाश, एकदा त्यांच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये साहेबांना म्हणाले, "सर, तुम्ही विरळ दिसताय." साहेबांचे केस आधीच गेलेले आहेत. दोन दिवस ते यांच्याशी बोलले नाहीत.

अण्णा हे ज्ञान स्वतःपुरतं ठेवतील तर शपथ. भाजीवाल्या मावशी, गॅसच्या सिलिंडरवाला, खालचा वॉचमन, सगळ्यांना धरून झालं. "सिनेमा अमेरिकेतनं येत न्हाय मावशी. जवळच गोदाम केलंय त्येंनी. सोलापूरची चादर घ्यायला पुण्याचा माणूस दर खेपेला हितं येतोय व्हय? तितल्या दुकानात ठिवलेली असतीय. तसं." मावशी मेथीची जुडी हातात धरून म्हणाल्या, "व्हय व्हय, पण तुमी मेथी घेणार हाय का न्हाय?"

घरात तर त्यांनी कहरच केला. वायफायच्या डब्यावर त्यांचा भारी जीव. कुठल्या कोपऱ्यात ठेवला की किती चांगलं येतं, हे त्यांनी आठ दिवस घरभर मोबाइल घेऊन फिरून बघितलं आणि शेवटी ठरवलं की उत्तम जागा म्हणजे स्वयंपाकघरातली फळी. तिथं अक्कांचे स्टीलचे डबे होते. अक्का म्हणजे अण्णांची बायको, महादेवीअक्का. अण्णा म्हणाले, लोखंड-पितळ-स्टील असलं की लाट अडती, डबे हलव. अक्कांनी पोळपाटावरून मान वर केली नाही.

"डबे माझ्या माहेरचे हायत. तुमची पेटी कुणाच्या माहेरची हाय?"

वायफायची पेटी हॉलमध्येच राहिली. पण टीव्ही चालू असताना पेटी आणि टीव्हीच्या मधून जायला बंदी झाली. पाहुणे आले तरी भिंतीला पाठ लावून सरकत सोफ्यापर्यंत जायचं. मधून गेलात की अण्णा ओरडणार, "दोरा तुटतोय!" मी एकदा मुद्दाम मधे उभी राहून पदर सावरला. सांगायला वाईट वाटतं, पण चित्र जरासुद्धा हललं नाही. अण्णा पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, "साठा होता म्हणून वाचलं."

या सगळ्यात त्यांना एक नवीन नाद लागला, तो उशिराचा. क्रिकेटच्या मॅचमुळे. आमच्या इमारतीत तळमजल्यावर केबल आहे, मधल्या मजल्यावर छत्री आहे, आणि आम्ही वरचे दोन्ही फ्लॅट नेटवर बघतो. चौकार गेला की आधी तळमजला ओरडतो, मग मधला, आणि आमच्या टीव्हीवर तोवर बोलर रनअपला वळलेलासुद्धा नसतो. बाकीचे यावर चिडतात. अण्णांनी मनगटी घड्याळ घेऊन जिन्यात उभं राहून प्रत्येक मजल्याचा उशीर मोजला आणि कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवला.

पुढं एका मॅचला ते आमच्याकडे येऊन बसले आणि प्रकाशला म्हणाले, "प्रकाशराव, ह्या बॉलला विकेट हाय. लावता काय भज्याची पैज?" विकेट गेली. "आता षटकार हाय." षटकार गेला. प्रकाशच्या तोंडाचा आ मिटेना. त्यांना वाटलं, माणसाला काही सिद्धी असावी. मी तीन वेळा भजी तळली. चौथ्या घाण्याला माझ्या लक्षात आलं की अण्णा खुर्ची खिडकीला चिकटवून बसलेत आणि त्यांचा एक कान सतत खाली आहे. मी झारा घेऊनच बाहेर आले. अण्णा हसून लोटपोट झाले. "वैनी, तुमचा मॅच शिळा हाय की! मी ताजा ऐकायलोय!"

मला आधी वाटायचं, रिकामपणाचे उद्योग आहेत. माणूस निवृत्त झाला, हाताला काम नाही, मग असलं काहीतरी डोक्यात घेतं. पण एकदा मी सहज विचारलं, अण्णा, हे सगळं शिकलात कुठं? तर ते कपाटातून एक जुनं कॅलेंडर काढून घेऊन आले. पानांच्या मागं पेन्सिलीनं बाणच बाण, चौकोनच चौकोन.

"शिल्पीनं सांगितलं. ती त्येच काम करतीय की जर्मनीत. ही तुकडे पाडायची मशिनं, ती चालती का बघायचं. म्हंजे जॉबरच." ते शेवटचं वाक्य बोलताना त्यांची मान ताठ झाली. "मी चादरीचा जॉबर, ती पिक्चरची. पोरगी दिसभर काय करती त्ये बापाला ठावं पायजे का नको?"

शिल्पा ही त्यांची एकुलती एक मुलगी. दर रविवारी तिचा फोन येतो. पहिली पाच मिनिटं आईशी कानडीत, मग बापाशी कांड्या आणि पेट्या.

त्याच शिल्पाचं लग्न ठरलं. मुलगा तिकडंच नोकरीला असलेला, नागपूरचा, सालस. दोघांच्या रजा आणि हॉल यांचा मेळ बसवून लग्न तिकडंच करायचं ठरलं. अण्णा-अक्कांची तिकिटं झाली, व्हिसा झाला, अक्कांनी शेंगाचटणीचे डबे भरले. आणि लग्नाला महिना राहिला असताना अक्का बाथरूममध्ये घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. आत पट्टी बसवली, वॉकर आला, डॉक्टरांनी विमानाचं नावसुद्धा काढू नका म्हणून सांगितलं.

अक्का अण्णांना म्हणाल्या, तुमी जावा. माझी बहीण येऊन राहती. मीही सांगितलं, मी आहे समोर. अण्णा गेले नाहीत. कारण विचारलं तर नुसतं म्हणाले, "एकटा बाप मांडवात उभा राहिला की लोक इचारत्यात, आई कुटंय. पोरगी रडंल." तिकिटं रद्द झाली. शिल्पाला लग्न पुढं ढकलायचं होतं. यांनीच तिला दटावलं.

मग तिकडून सांगण्यात आलं की लग्न नेटवरून थेट दिसेल. एक लिंक येईल, ती टीव्हीवर लावायची, इथं बसून सगळ्यांनी बघायचं आणि मंगलाष्टकं झाली की टीव्हीवर अक्षता टाकायच्या. सगळे खूश झाले. अण्णा सोडून.

"थेट म्हंजे किती थेट?" त्यांनी विचारलं.

त्यांनी तालीम लावली. शिल्पाची मैत्रीण केतकी, ती लग्नात मदतीला होती. एका रविवारी केतकीनं त्याच हॉलमध्ये कॅमेरा लावून चित्र सोडलं आणि सोबत अण्णांना साधा फोन लावला. ठरलं असं की केतकीनं एकदा टाळी वाजवायची. मी तिथं हजर होते. अण्णांच्या कानाला फोन, हातात घड्याळ. "हं, वाजली," अण्णा म्हणाले. टीव्हीवर केतकी अजून केस बांधत होती. तिनं केस बांधले, क्लिप लावली, कुणाला तरी काहीतरी सांगितलं आणि मग टाळी वाजवली.

"चौतीस," अण्णा म्हणाले. तोंड उतरलेलं.

मला हसू आवरेना. अहो, चौतीस सेकंदांनी काय बिघडतंय? पण अण्णा हिशेब मांडायला लागले. सिनेमाचं गोदाम असतं, थेट कार्यक्रमाला गोदाम कुठलं? तिकडं आत्ता विणायचं, तुकडा पाडायचा, बांधायचा, पाठवायचा, हितं दोन-चार तुकड्यांचा साठा करायचा, मग दाखवायचं. एवढ्याला वेळ लागणारच. "म्हंजे आपण अक्षता टाकू तवर तिचं लगीन लागून चौतीस सेकंद झालेलं असतंय. लगीन झाल्यावर टाकलेल्या अक्षता काय कामाच्या?"

मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही सोलापूरचे ना? सिद्धेश्वराच्या यात्रेत देवाचं लग्न लागतं आणि संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, तेव्हा मागं उभं राहणाऱ्याला काय ऐकू येतं? पुढच्यांचे हात वर गेले की आपण टाकतो. देव कधी म्हणाला का, तुझ्या उशिरा आल्या, घेत नाही?"

अण्णांनी घड्याळ मनगटावर चढवलं.

"त्यो देव हाय वैनी. त्येला थांबता येतंय. ही पोरगी हाय."

मग मीच चिडले. एवढंच आहे तर तो फोनच ठेवा ना कानाला! टाळी फोनवर लगेच ऐकू आली की नाही? बोलून गेले आणि अण्णा माझ्याकडं बघतच राहिले. मग एकदम उठले. "फोनला पेटीच नसती! आलेला तुकडा तसाच कानात. गळला तर गळला, थांबायचं न्हाय. लोकं बोलत्यात ना, साठा करून कसं चालंल!" आणि मी जणू नोबेल मिळवलं असावं तशा नजरेनं अक्कांकडं वळून म्हणाले, "वैनी लई हुशार बाई हाय."

लग्नासाठी फेटा आणायला म्हणून ते खाली गेले, तेव्हा मी अक्कांच्या पलंगाशी बसले आणि म्हटलं, अक्का, काय हे वेड! अर्ध्या मिनिटासाठी केवढा जीव काढतात.

अक्का पाय सरळ करत म्हणाल्या, "ह्येनला एकदा टायमात पोचायचंय गं मंगल. बाकी काय न्हाय."

आणि त्यांनी सांगितलं ते असं. शिल्पा झाली त्या दिवशी कारखान्यात माग अडकला होता. हे आले तेव्हा पोरीची अंघोळ होऊन, दुपट्यात बांधून, ती झोपलेली. तिसरीत गॅदरिंगमध्ये तिचा नाच होता. हे एमआयडीसीतून सायकल मारत आले तेव्हा पडदा पडून खुर्च्या उचलायला लागले होते. मग पोरीनं फाटकाजवळ, यांचे कारखान्याच्या तेलानं काळे झालेले हात बघत, यांच्या एकट्यासाठी पुन्हा नाच केला. गाणं तिनं स्वतःच तोंडानं म्हटलं. दहावीच्या बक्षिसाला उशीर. जर्मनीला निघाली, तर स्टेशनवर सोडायला येतो म्हणून सांगितलं आणि मालकानं चिंचोळीला नवीन मशीन बघायला पाठवलं. हे पळत प्लॅटफॉर्मवर पोचले आणि गाडीचा शेवटचा डबा पुढं निघून गेला. चटणीचा डबा यांच्या हातातच राहिला.

"पोरगी कदी काय बोलली न्हाय," अक्का म्हणाल्या. "'अप्पा येतेत, उशिरा येतेत, पण येतेत,' असं मैत्रिणींना सांगायची. त्येच ह्येनला लागतंय."

मला माझीच लाज वाटली. मी त्या माणसाला जिन्यात घड्याळ घेऊन उभं बघितलं होतं आणि हसले होते. त्याला कशाचा उशीर मोजायचा होता, ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

लग्नाचा दिवस आला. मुहूर्त तिकडचा सकाळचा, म्हणजे आपल्याकडं दुपारी अडीचचा. अण्णांचा हॉल माणसांनी भरला होता. अक्कांची बहीण, तिचे यजमान सिद्रामप्पा, गावाकडचे चार-पाच जण, आम्ही दोघं. अक्का इरकल नेसून खुर्चीत, वॉकर बाजूला झाकून ठेवलेला. पेटी आणि टीव्हीच्या मधली वाट मोकळी ठेवून सगळे दोन्ही बाजूंना दाटीवाटीनं बसलेले. आणि अण्णा पांढऱ्या धोतरात, डोक्याला गुलाबी फेटा, फेट्याचा एक पदर कानावरून घट्ट ओढून त्यात केतकीला लावलेला मोबाइल खोचलेला. दोन्ही हात मोकळे, ओंजळीत अक्षता. गावाकडच्या एका म्हाताऱ्यानं मला हळूच विचारलं, "दात दुखायलाय काय त्येंचा?"

टीव्हीवर मांडव दिसला. मंगलाष्टकं म्हणणारा तिकडच्याच कंपनीतला एक इंजिनिअर होता, तो मोबाइलमध्ये बघून म्हणत होता आणि प्रत्येक कडव्याला चाल बदलत होता. आंतरपाटाच्या अलीकडं शिल्पा उभी. हातात हार, कपाळावर मुंडावळ्या. अक्कांनी तिथंच डोळे पुसायला सुरुवात केली. सिद्रामप्पांनी मुठी आवळून आम्हाला तयार राहायला सांगितलं. "अजून एक कडवं हाय. सावधान म्हणला की टाका."

इंजिनिअरनं शेवटच्या कडव्याची पहिली ओळ उचलली आणि अण्णांनी दोन्ही हातांनी सगळ्या अक्षता टीव्हीवर उधळल्या.

खोलीत हशा पिकला. सिद्रामप्पा ओरडले, "अहो दाजी, दाजी! अजून लागलं न्हाय की! घाई काय तुमाला!" कुणी म्हणालं, सासऱ्यालाच लग्नाची गडबड. अक्कांच्या बहिणीनं कपाळाला हात लावला. मी आणि अक्का मात्र हसलो नाही. आम्ही अण्णांकडं बघत होतो.

त्यांना खोलीतलं काही ऐकूच येत नव्हतं. त्यांनी फेट्यावरून कान दाबून धरला आणि मागांच्या खडखडाटात दोन खात्यांपलीकडच्या माणसाला हाक मारावी तसे ते ओरडले, "शिल्पी! पोचलो गं! टायमात पोचलो बग! पडल्या का अक्षता डोक्यावर?"

मग ते ऐकत राहिले. फेट्याचा सुटलेला पदर त्यांनी डोळ्यांवर दाबला आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

टीव्हीवर इंजिनिअर अजून कडव्याच्या मध्यावर होता.

हसणारे एकेक करून थांबले. काय झालं ते कुणाला कळेना. सगळे कधी अण्णांच्या पाठीकडं, कधी टीव्हीकडं बघत होते. कडवं संपलं, सावधान झालं, आंतरपाट बाजूला गेला, तिकडं अक्षता पडल्या आणि इकडं आम्हीही भानावर येऊन टाकल्या. आणि मग आम्हाला दिसलं. त्या गर्दीतून केतकी हात लांब करून पुढं आली आणि तिनं शिल्पाच्या कानाजवळ मोबाइल धरला. शिल्पानं एकदम मान वळवली. नवरा हार घेऊन समोर थांबलेला, आणि ही फोन ऐकतेय. तिनं केसांवर हात फिरवला, मुंडावळीत अडकलेला तांदळाचा एक दाणा चिमटीत धरला, त्याच्याकडं बघितलं आणि फोनमध्ये काहीतरी बोलली. सनईच्या गोंगाटात शब्द ऐकू आले नाहीत. बोलता बोलता तिचा चेहरा लहान पोरीसारखा मोडला आणि ती हसत हसत रडायला लागली.

मी अण्णांजवळ गेले. काय म्हणाली ती, असं विचारलं.

"पडल्या म्हणली," अण्णा भिंतीकडं बघतच म्हणाले. "अप्पा, तुमच्याच पैल्यांदा पडल्या म्हणली."

मला रडू आवरलं नाही, आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. सिद्रामप्पा उगाचच जमिनीवरचे तांदूळ गोळा करायला लागले.

पुढं जरा वेळानं पानं मांडली गेली. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, वर तुपाची धार, भजी, कोशिंबीर. सगळे बसले. अण्णा बसले नाहीत. त्यांनी फेट्यातला मोबाइल काढून हातात घेतला होता, पण फोन बंद केला नव्हता. तिकडं केतकीनंही बंद केला नसावा, कुठंतरी टेबलावर ठेवला असावा. लोकांच्या बोलण्याचा, खुर्च्या सरकल्याचा बारीक आवाज येत होता आणि अण्णा तो ऐकत खिडकीशी उभे होते.

"चला की आता," अक्का खुर्चीतून म्हणाल्या. "सकाळपासनं पोटात काय न्हाय तुमच्या."

"तितली पंगत बसायचीय अजून."

"तिचं तिथं बगतील लोकं."

"आगं, पाहुणे जेवून उठल्याबिगर पोरीचा बाप जेवतोय व्हय?"

अक्कांनी त्यांच्याकडं बघितलं. मग आपल्यापुढचं वाढलेलं ताट त्यांनी दोन्ही हातांनी बाजूला सारलं आणि मला म्हणाल्या, मंगल, झाकून ठेव गं. अण्णा येऊन त्यांच्याशेजारी स्टुलावर बसले. मोबाइल त्यांनी अक्कांच्या मांडीवरच्या उशीवर ठेवला आणि आवाज मोठा केला. तिकडं कुणीतरी ताटं मांडत होतं. दोघं नवराबायको मान खाली घालून ऐकत बसले होते, आणि मधूनच अक्का हळू आवाजात कानडीत विचारत होत्या की सगळ्यांना पोचलं का वाढप, आणि अण्णा सांगत होते, पोचायलंय.